ज्याचे त्याचे खेळणे

बाहुली हातात आली की मूल आधी तिचे तोंड न्याहाळते आणि मग तिचे बारसे करते. थोड्याच वेळात तिला भूक लागू लागते, ताप येऊ लागतो. ती रुसते, निजते, शाळेत जाते. भातुकलीच्या त्या इवल्याशा संसारात मोठी माणसे मुलाशी जशी वागतात, तसेच मूल बाहुलीशी वागते. आदल्या दिवशी डॉक्टरांनी त्याला सुई टोचली असेल, तर दुसऱ्या दिवशी बाहुलीलाही सुई टोचली जाते आणि वर 'रडायचे नाही हं!' असा दमही तिला मिळतो. पाहणाऱ्यांची त्यात करमणूक होते. वस्तुतः मनावर आलेले ओझे मूल त्या वेळी हळूच खाली उतरवून ठेवीत असते.

रुग्णालयांतून मुलांची देखभाल करणाऱ्या मंडळींना ही गोष्ट पुष्कळ दिवसांपासून ठाऊक आहे. सहा-सात वर्षांच्या आजारी मुलाला 'तुला कशाची भीती वाटते?' असे सरळ विचारले, तर बहुधा ते मान फिरवते; तेच 'ह्या बाहुलीला कशाची भीती वाटत असेल?' असे विचारले, तर ते बोलू लागते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी बाहुलीच्या नाकावर मुखवटा ठेवून, तिच्या हाताला पट्टी बांधून, पुढे काय काय होणार आहे हे मुलाला दाखविण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ॲमी जँड्रिसेविट्स नावाच्या एक बाई आहेत. कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांच्या विभागात समाजसेविका म्हणून त्या काम करीत असत आणि मुलांशी बोलताना बाहुल्यांचा असाच उपयोग करीत. तेथे एक विसंगती त्यांच्या ध्यानात आली. त्या बाहुल्यांत ह्या मुलांसारखी दिसणारी एकही नव्हती. औषधांच्या उग्रपणामुळे ज्या मुलीच्या डोक्यावरचे केस गेले आहेत, तिच्या हाती द्यायची बाहुली मात्र लांबसडक केसांची. ज्याचा पाय कापावा लागणार आहे, त्याच्यापुढे दोन्ही पायांवर ठणठणीत उभा असलेला बाहुला. आपल्यासारखे ह्या जगात कोणीच नाही, अशी जी रुखरुख अशा मुलांच्या मनात घर करून असते, तिला हे खेळणेही न बोलता दुजोरा देत होते.

पुढे ते काम सुटल्यावरही बाईंच्या मनातून ही गोष्ट गेली नाही. एका मुलीचा पाय शस्त्रक्रियेने काढावा लागला होता. तिच्यासारखीच बाहुली करून द्याल का, अशी विचारणा त्यांच्याकडे आली आणि त्यांनी सुईदोरा हाती घेतला. मग दुसरी मागणी आली, तिसरी आली. ह्या उपक्रमाला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थच 'माझ्यासारखी बाहुली' असा आहे. २०१९ सालापर्यंत त्यांच्या हातून तीनशेहून अधिक बाहुल्या तयार झाल्या होत्या आणि त्यांतील कोणत्याही दोन एकसारख्या नव्हत्या. बाहुलीचा खर्च आईबापांवर पडू नये म्हणून तो लोकांच्या देणग्यांतून भागविला जातो. कारण आजारी मुलाच्या घरी आधीच पैशाची ओढाताण असते.

ह्या कामातील अडचण शिवणकाम जाणणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल. कापडी बाहुलीची रीत तशी सोपी. कापडाची घडी घालावी, तीवर कागदी नमुना ठेवून कातरावे, कडेने शिवून घ्यावे, पिशवीप्रमाणे उलटावे आणि आत कापूस भरावा. डावा हात हा उजव्या हाताची नक्कल असतो, म्हणून एकाच नमुन्यात दोन्ही निघतात. परंतु ज्या मुलीचा डावा हात कोपरापाशीच संपतो, तिच्या बाहुलीला ही घडी उपयोगाची नाही. तिचा डावा हात निराळाच बेतावा लागतो. त्याचे टोक कोठे व कसे गोलावते हे पाहावे लागते. एखाद्याचा एक पाय दुसऱ्याहून आखूड असतो. एखाद्याच्या हाताला तीनच बोटे असतात. एखाद्या मुलीची त्वचा आणि केस जन्मतःच पांढरेफेक असतात. एखादीच्या निम्म्या गालावर लालसर डाग पसरलेला असतो. आईबाप मुलाची छायाचित्रे पाठवितात आणि ती समोर ठेवून हे सारे कापडात उतरवावे लागते. त्यात पुन्हा एक गंमत अशी, की शिवलेले कापड उलटताना डावे ते उजवे होते. गालावरचा डाग भलत्याच बाजूस जाऊन चालत नाही. मोठ्यांच्या तो ध्यानातही येणार नाही. पण ज्याच्या गालावर तो डाग आहे त्याला ती चूक पहिल्या दृष्टीलाच दिसते.

लहान मुलांसाठी, आणि त्यातून आजारी मुलांसाठी, खेळणे करणाऱ्याला इतरही पथ्ये सांभाळावी लागतात. डोळ्यांच्या जागी गुंड्या लावल्या तर त्या तुटून मुलाच्या घशात जाण्याचे भय असते, म्हणून डोळे रंगवावे किंवा धाग्याने भरावे हे बरे. ज्या मुलांची रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते, त्यांच्या खेळण्यावर धूळ व जंतू साचून चालत नाही. खेळणे धुता आले पाहिजे, आणि धुतल्यावर त्याचे नाकडोळे जागच्या जागी राहिले पाहिजेत.

येथे एक शंका उपस्थित होते, आणि ती काही अगदीच अप्रस्तुत नाही. ज्या दुखण्याचा मुलाला घडीभर विसर पडावा, त्याचीच आठवण खेळण्यातून का करून द्यावी? परंतु ज्याला पाय नाही त्या मुलाला तो नसल्याचे कोणी आठवून द्यावे लागत नाही. रस्त्यात वळून पाहणाऱ्या नजरा ते काम रोजच करीत असतात. त्याला उणीव असते ती सोबतीची. २०१७ साली टेक्सास राज्यातील एका दहा वर्षांच्या मुलीला घरच्यांनी एक बाहुली भेट दिली. त्या मुलीला एक कृत्रिम पाय होता. कृत्रिम अवयव बनविणाऱ्या कारागिरांकडून घरच्यांनी त्या बाहुलीलाही तसाच, तिच्या मापाचा, कृत्रिम पाय बसवून घेतला होता. खोके उघडून बाहुलीचा पाय पाहताच मुलीला हर्षाने रडू कोसळले. त्या प्रसंगाचे चलच्चित्र जगभर असंख्य लोकांनी पाहिले. हे खरे असले, तरी प्रत्येक मुलाला असेच खेळणे हवे असेल असे मात्र नाही. एखाद्याला आपल्यासारखा बाहुला नको असतो, त्याला सिंहच हवा असतो. त्याच्यासाठी सिंह आणणे हेच योग्य.

न विचारता केलेले चांगले काम कसे फसते, ह्याचे एक उदाहरण खेळण्यांच्या इतिहासात नमूद आहे. बार्बी ह्या जगप्रसिद्ध बाहुलीची एक मैत्रीण १९९७ साली बाजारात आली. तिचे नाव बेकी. ती चाकांच्या खुर्चीत बसलेली होती आणि तिचे स्वागतही मोठे झाले. परंतु बार्बीचे एक ऐसपैस खेळघर त्या वेळी विकले जात असे. त्यात वरच्या मजल्यावर जाण्यासाठी पाळणा होता आणि बेकीची खुर्ची त्या पाळण्याच्या दारातून आत जात नसे! ही गोष्ट प्रथम ध्यानात आणून दिली ती स्वतः चाकांच्या खुर्चीत वावरणाऱ्या एका शाळकरी मुलीने. तिला त्याचे नवल वाटले नसावे. खऱ्या जगातील कितीतरी दारांशी तिची खुर्ची अशीच अडत असणार. पुढे काही वर्षांनी बेकी बाजारातून दिसेनाशी झाली.

२०१९ साली त्याच कंपनीने पुन्हा दोन बाहुल्या केल्या : एक चाकांच्या खुर्चीतील आणि एक कृत्रिम पाय लावलेली. ह्या खेपेस खुर्चीबरोबर खेळघराच्या दाराशी लावण्याचा उतारही दिलेला होता. दुसऱ्या बाहुलीच्या वेळी, जन्मतः एक हात अपुरा असलेल्या एका मुलीचा सल्ला घेण्यात आला. तिने सुचविले, की बाहुलीचा कृत्रिम पाय काढता-घालता आला पाहिजे. कृत्रिम अवयव वापरणारे माणूस तो दिवसभर अंगावर बाळगीत नाही. निजताना, विसावा घेताना ते तो काढून ठेवते. ज्यांनी तो कधी वापरला नाही, त्यांना ही साधी गोष्ट कशी सुचणार?

इंग्लंडमध्येही २०१५ साली रिबेका ॲटकिन्सन ह्या स्वतः कमी ऐकू येणाऱ्या पत्रकार बाईंनी आपल्या मैत्रिणींच्या साहाय्याने एक चळवळ सुरू केली. त्यांची पद्धत मोठी मजेची होती. बाजारातील नेहमीच्याच बाहुल्या घेऊन त्यांनी कोणाच्या कानामागे श्रवणयंत्र बसविले, कोणाच्या हाती पांढरी काठी दिली, आणि त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. आपल्याला अशा बाहुल्या का मिळत नाहीत, असे हजारो आईबाप विचारू लागले. २०१६ साली लेगो ह्या ठोकळ्यांच्या खेळात चाकांच्या खुर्चीतील मुलगा आला, त्यामागे ह्या विचारणेचा रेटा होता.

कधीकधी तर विचारण्याचीही गरज उरत नाही, कारण खेळणे करणारे मूलच रुग्ण असते. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका मुलीला सातव्या वर्षी रक्ताचा विकार जडला. रक्त गोठण्यासाठी ज्या सूक्ष्म कणिका लागतात, त्यांचा नाश तिचे शरीर स्वतःच करी. दर सहा-आठ आठवड्यांनी तिला रुग्णालयात जाऊन शिरेतून औषध घ्यावे लागे. दांडीला टांगलेली औषधाची पिशवी, तिच्यातून ठिबकणारे थेंब आणि हातापर्यंत आलेली नळी हे दृश्य पाहून पहिल्या वेळी ती घाबरून गेली होती. आपल्यासारखीच इतर मुलेही घाबरत असतील, हा विचार करून तिने एक कापडी अस्वल घेतले, त्याची पाठ उसवली आणि तेथे जाळीचा एक खिसा शिवला. त्या खिशात औषधाची पिशवी मावते. मुलाला समोरून दिसते ते अस्वलाचे तोंड. परिचारिकेला मागून जाळीतून दिसते ते पिशवीतील औषध किती उरले आहे. आपले समाधान आणि परिचारिकेची सोय ही दोन्ही त्या मुलीने एका जाळीच्या तुकड्याने साधली. ती बारा वर्षांची असताना, २०१९ साली, ह्या अस्वलाची वार्ता पसरली आणि पुढे अशी अस्वले तयार होऊन अनेक मुलांना मिळाली.

येथवरची खेळणी मुलाला सोबत करणारी झाली. परंतु काही मुलांची अडचण निराळीच असते. खेळणे समोर असते, आवडतेही. पण ते चालू करणे हातून होत नाही. जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झालेल्या कित्येक मुलांचे स्नायू त्यांच्या आज्ञेत राहत नाहीत. ढोल वाजविणाऱ्या माकडाच्या पोटावरची बारीकशी कळ सरकविणे आपल्याला क्षुल्लक वाटते. पण अशा मुलाची बोटे तेथे पोहोचेपर्यंत भलतीकडेच जातात. मग दुसरे कोणीतरी कळ सरकविते आणि मूल नुसते पाहत राहते. दुसऱ्याने खेळून दाखविलेला खेळ हा खेळच नव्हे.

ह्यावर एक उपाय आहे आणि तो थोडक्या खर्चात कोणालाही करता येण्यासारखा आहे. सेलवर चालणाऱ्या खेळण्यात सेलचे टोक धातूच्या पट्टीला टेकलेले असते आणि त्या वाटेने विजेचा प्रवाह वाहतो. तांब्याच्या दोन पातळ चकत्या घ्याव्यात. त्या एकमेकींस चिकटू नयेत म्हणून मध्ये वीज न वाहू देणारी एक चकती घालावी, आणि हा पापुद्रा सेल व पट्टी ह्यांच्यामध्ये सरकवावा. झाले, प्रवाह तुटला! आता तांब्याच्या प्रत्येक चकतीला एकेक तार जोडून त्या दोन्ही तारा बाहेर काढाव्यात आणि बशीएवढ्या मोठ्या कळीला जोडाव्यात. खेळण्याची मूळची कळ नेहमी चालूच ठेवायची. मोठी कळ दाबली, की प्रवाह पुरा होतो आणि माकड ढोल वाजवू लागते. ती सोडली, की ते थांबते. ही कळ कोठेही ठेवता येते. कोणाच्या कोपराखाली, कोणाच्या गुडघ्याशी, कोणाच्या गालाजवळ. शरीराचा जो भाग मुलाच्या आज्ञेत असेल, त्याच्यापाशी ती न्यायची. तो भाग कोणता, हे मुलाजवळ स्वस्थ बसून पाहिल्यावाचून कळत नाही. ह्या कामातील खरा वेळ तारा जोडण्यात जात नाही, तो ह्या पाहण्यात जातो.

हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर योजून अमेरिकेच्या डेलावेअर विद्यापीठातील प्राध्यापक जेम्स कोल गॅलोवे ह्यांनी मुलांच्या मोटारी घडविल्या. लहान बाळे चालायला कशी शिकतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. रांगू लागलेले मूल घरभर फिरते; जे हवे असेल त्याकडे आपण होऊन जाते, नको असेल त्यापासून दूर होते, आणि ह्या धडपडीत त्याची बुद्धीही वाढत असते. ज्याला रांगता येत नाही, ते जेथे ठेवले तेथे राहते. त्याला दुसऱ्यांनी दाखविलेलेच दिसते. विजेवर चालणारी चाकांची खुर्ची महाग, जड, आणि इतक्या लहान वयात सहसा कोणी देत नाही. शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षे मात्र तीच असतात.

प्रथम त्यांनी यंत्रशास्त्राचे प्राध्यापक सुनील अगरवाल ह्यांच्याबरोबर बाळांना बसून चालविता येईल असे एक यंत्र तयार केले. एक वर्षदेखील पुरे न झालेली बाळे त्याचा दांडा ओढून स्वतःला हव्या त्या दिशेला जाऊ शकतात, असे त्या प्रयोगांत दिसून आले. परंतु ते यंत्र अवजड होते आणि घरोघर पोहोचण्याइतके स्वस्तही नव्हते. तेव्हा गॅलोवे ह्यांची दृष्टी खेळण्यांच्या दुकानांकडे वळली. मुलांनी आत बसून चालवायच्या, बॅटरीवर चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या मोटारी तेथे सर्रास मिळतात. त्यांतील एक आणून त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती मुलाला साजेशी करून घेतली.

ह्या फेरफाराचे सामान कोणत्याही लोखंडी सामानाच्या दुकानात मिळेल असे आहे. पायाखालची कळ काढून तिच्या जागी स्टिअरिंगच्या चाकावर तळहाताएवढी मोठी कळ बसवितात. ज्या मुलाला बसताना तोल सावरता येत नाही, त्याच्याभोवती नळाच्या प्लॅस्टिकच्या पाइपांचा पिंजरा उभारतात आणि पोहायला शिकताना धरतात तसल्या फोमच्या नळकांड्या त्यावर चढवितात. पट्टे चिकटपट्टीचे, म्हणजे झटकन सोडता येणारे. एका दुपारीत गाडी तयार होते. हे कसे करावे ह्याची माहिती गॅलोवे ह्यांनी स्वतःपाशी दडवून ठेवली नाही. ती त्यांनी सर्वांना खुली केली. त्यामुळे कितीतरी गावांतून विद्यार्थी, पालक आणि कारागीर एकत्र जमून अशा गाड्या तयार करू लागले.

प्रत्येक गाडी मात्र एकेका मुलाकडे पाहून केलेली असते. ज्याला मान ताठ धरता येत नाही, त्याची कळ डोक्याच्या मागे बसवितात. डोके वर उचलून मागे टेकविले की गाडी पुढे सरकते. मान गळली की ती थांबते. ज्याचा उजवा हात दुबळा, त्याची कळ मुद्दाम उजवीकडे ठेवतात. व्यायाम कर, असे दिवसातून दहा वेळा सांगूनही जे मूल कुरकुरते, ते गाडी चालविण्याच्या नादात तोच व्यायाम शंभर वेळा करते. मैदानावर आणखी एक गोष्ट घडते, तिची अपेक्षा आईबापांनीही फारशी केलेली नसते. एरवी ह्या मुलाकडे चोरून पाहणारी इतर मुले आता गाडीभोवती गोळा होतात आणि आपल्यालाही एकदा बसू द्यावे म्हणून आर्जवे करू लागतात.

ह्यांतील सर्वांत निराळी गाडी आहे ती ज्यांना उभे राहता येते, पण राहवत नाही अशा मुलांसाठी. पायांत थोडी शक्ती असते. परंतु उभे राहणे इतके कष्टाचे वाटते, की मूल चटकन बसून घेते. तिची कळ आसनाखाली असते आणि तिच्या तारा उलट जोडलेल्या असतात. आसनावर भार पडला की प्रवाह तुटतो. भार उठला की तो पुरा होतो. त्यामुळे बसले की गाडी बंद, आणि उभे राहिले की चालू. मुलाला हे कोणी समजावून सांगत नाही. पहिल्यांदा ते बसल्या बसल्या चाक फिरविते, गाडी हलत नाही म्हणून चिडते. मग पुढचा दांडा धरून जरा वर उठते आणि गाडी एकदम निघते. ते दचकून खाली बसते, गाडी थांबते. मूल आसनाकडे वळून पाहते, दांडा घट्ट धरते आणि पुन्हा उभे राहते.